वन्संच्या गावाचा वाटा

पाच गावांना एकाच तलावाचं पाणी पुरवायचं आणि तलाव तर दरसाल आटत चाललेला. पुढच्या तीस वर्षांत कुणाला किती पाणी द्यायचं, याचा आराखडा करायचं काम नियोजन अधिकारी बाईंच्या गळ्यात पडलं. बैठकीत चार नगराध्यक्षांनी आपापलं गाव दुप्पट होणार म्हणून सांगितलं. सगळ्यांचं खरं धरलं, तर पोरं जन्माला घालण्याखेरीज कुणाला दुसरा उद्योगच उरला नसता.

पाचव्या गावच्या नगराध्यक्षा म्हणजे बाईंची सख्खी थोरली नणंद. त्यांनी तिप्पट सांगितलं.

“वन्सं,” बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “तुमचं निम्मं पाणी फुटक्या पाइपांतून जमिनीत मुरतंय. ऊन वाढतंय, पावसाचा भरवसा उरला नाही. तलावात वाढीव काही नाही. आधी गळती थांबवा.”

वन्संचा वाटा वाढला नाही. त्या दिवसापासून त्या भावजयीला पाण्यात पाहू लागल्या. तेवढ्यापुरतं पाणी त्यांच्याकडे होतं.

घरी आल्या तरी भावाशीच बोलायच्या. “हिला सांग, भाजीत मीठ कमी आहे.” भाऊ दातांचा डॉक्टर. शेजारी बसलेल्या बायकोला तो इमानेइतबारे निरोप द्यायचा. उघड्या तोंडांचं त्याला सगळं कळायचं. मिटलेल्यांपुढे इलाज नव्हता.

मग वन्संनी इरेला पेटून गावातले सगळे रस्ते खणायला काढले. पाइप बदलले, गळती थांबली. लोकांनी मात्र धूळ खाल्ली ती लक्षात ठेवली आणि निवडणुकीत वन्संना घरी बसवलं.

पुढच्या बैठकीनंतर बाई तडक त्यांच्याकडे गेल्या.

“नवे अध्यक्ष आले होते. गळती आपणच थांबवली म्हणाले.”

“आणि मागितलं किती?” वन्सं इतक्या महिन्यांत पहिल्यांदा थेट बोलल्या.

“तिप्पट.”

वन्संना हसू आवरेना. “मग?”

“म्हटलं, आधीच्या अध्यक्षांनी पद घालवून पाणी वाचवलंय. त्यातच भागवा. भागेल.”

वन्सं खिडकीबाहेर बघत राहिल्या. रस्त्याला अजून ठिगळं होती.

“चारचौघांत माझी लाज काढलीस, त्याचं काय?”

“आधी घरी सांगायला हवं होतं. चुकलं माझं.”

“सांगितलं असतंस, तर मी ऐकलं नसतं,” वन्सं म्हणाल्या आणि भावजयीसाठी खुर्ची ओढली.