नवव्या रांगेपासून पुढे

सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून ड्रायव्हर आहे." शेजारणी विचारायच्या, ट्रक की बस? सून लिहायची तो ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि त्यातलं नेटवर्क कार्ड यांच्यामधला दुभाषा प्रोग्रॅम. हे समजावून सांगणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

त्या रविवारी नणंद जेवायला आली, पण ताटावर नुसती बसून राहिली. ती रुग्णवाहिकेच्या मदत केंद्रात फोन घ्यायची. फोन वाजला की करणाऱ्याचा पत्ता पडद्यावर यायला हवा, मग जवळची गाडी पाठवायची. गेले तीन आठवडे तिच्या पडद्यावर पत्ता उशिरा यायचा. कधी दहा सेकंद, कधी वीस.

"नोटीस आलीये मला," नणंद म्हणाली. "कामचुकारपणा. मुद्दाम वेळ काढते म्हणे. आमच्या केंद्राच्या सर्व्हरमध्ये तुझाच ड्रायव्हर आहे ना गं?"

"आहे. पण ताई, ड्रायव्हर बिघडला तर सगळ्यांचंच बिघडेल. तुमच्या एकटीचं कसं?"

"एकटीचं नाही. अकरा जण आहोत."

"चोवीसपैकी?"

नणंदेने मान हलवली. हिच्या मनात पाल चुकचुकली. अकरा जण संथ आणि तेरा जण झपाझप, हे यंत्राचं वागणं वाटत नव्हतं. माणसांचं वाटत होतं. नणंद सहा महिने बदली मागत होती, ती मिळत नव्हती, हेही हिला माहीत होतं. रात्री तिने नवऱ्याला तसं बोलूनही दाखवलं.

सोमवारी ती ड्रायव्हर तपासायला मदत केंद्रात गेली. तिथल्या प्रमुखाला सगळे पाठीमागे 'स्टॉपवॉच' म्हणायचे. त्याने अकरा जणांची यादी तिच्यासमोर सरकवली. "रोज हेच अकरा. जेवायला एकत्र बसतात. गट आहे त्यांचा. कोणीतरी वायर सैल करतं, माझी खात्री आहे."

यादीत चौथी नणंद होती. हिने नातं सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "दोन तास माणसं बदलून बसवा. यादीतले बाकीच्या तेरा जणांच्या जागी, त्या तेरा जणांतले अकरा यांच्या जागी."

बसवली. नणंद खिडकीजवळच्या टेबलावर गेली आणि पहिल्याच फोनला पत्ता डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आला. तिच्या जुन्या जागी एक तरतरीत पोरगी बसली होती. स्टॉपवॉचच्या कौतुकातली. ती पडद्याकडे पाहत राहिली आणि फोनवर "एक मिनिट हं काका, एक मिनिट" म्हणत राहिली.

"म्हणजे टेबलं बिघडवून ठेवलीत," स्टॉपवॉच म्हणाला.

"अकरा टेबलं? तुमच्या कॅमेऱ्यासमोर?"

त्याची नजर काही निवळली नाही. आता ती हिच्यावर होती.

सर्व्हरच्या खोलीत थंडी मी म्हणत होती. तीन आठवड्यांपूर्वी काय बदललं, असं विचारल्यावर तिथल्या तंत्रज्ञाने सांगितलं, "काही नाही. जुनं कार्ड गेलं, तसंच नवं टाकलं." 'तसंच' हा शब्द तिला खटकला. तिने कार्डवाल्याला फोन लावला.

"मॅडम, तेच मॉडेल. अक्षरही बदललेलं नाही. तुमच्या ड्रायव्हरमध्येच बघा."

"मग नावापुढे हा बारीक 'एल' कसला?"

"तो फक्त खोक्यासाठी असतो."

तिचा विश्वास बसला नाही. असं कार्ड आलेला मजकूर अनेक रांगांमध्ये वाटतं. प्रत्येक रांग उपसायला सर्व्हरमधला एकेक प्रोसेसर बसलेला असतो. प्रोसेसर सोळा होते. तिच्या ड्रायव्हरने कार्डाला विचारलं होतं, रांगा किती? कार्ड म्हणालं होतं, सोळा. एका टेबलाचा मजकूर कायम एकाच रांगेत जायचा.

तिने एकेक रांग उघडून तपासली. पहिली चोख. दुसरी चोख. आठवीपर्यंत सगळ्या चोख. नववीत पाठवलेलं चाचणीचं पाकीट, म्हणजे मजकुराचा छोटा तुकडा, कुठे गेलं ते कळेना. चूक दाखवली नाही, काही नाही. अठरा सेकंदांनी ते मुकाट्याने पहिल्या रांगेतून बाहेर आलं. दहावीचं तेच, सोळावीचंही तेच. नऊपासून पुढच्या रांगांना वालीच नव्हता. कार्ड मधूनमधून झाडलोट केल्यासारखं तिथलं सामान उचलायचं आणि पहिल्या रांगेत टाकायचं. अकरा टेबलं नेमकी त्या रांगांवर पडली होती.

"चोर!" ती पुटपुटली. कार्डवाल्याने अर्ध्या ताकदीचा माल गळ्यात मारला होता. तक्रारीच्या पत्राचा मजकूरही तिच्या मनात तयार झाला. पुरावा जोडायला म्हणून तिने कार्डाची माहितीपुस्तिका उघडली.

पान एकशे बारा. कार्ड दोन आकडे सांगतं, असं तिथे लिहिलं होतं. पहिला, चिपमध्ये जास्तीत जास्त किती रांगा मावतात. दुसरा, या कार्डावर प्रत्यक्षात किती चालू आहेत. ड्रायव्हरने दुसरा आकडा वाचावा. जुन्या कार्डावर दोन्ही आकडे सोळा होते, म्हणून तिने चार वर्षांपूर्वी पहिलाच वाचून काम भागवलं होतं. तिने दुसरा आकडा वाचला. आठ.

खोलीत ती एकटीच होती. ते पान तिथे दुसरं कोणी उघडणार नव्हतं. कार्डवाला खोटं बोलला होता हे खरंच होतं, आणि सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडलं असतं तरी खपून गेलं असतं. ती बराच वेळ हात काखेत घालून बसली. मग तिने ड्रायव्हर दुरुस्त केला: दुसरा आकडा वाचायचा, प्रोसेसर जास्त असले तरी त्याच्या पुढे जायचं नाही, आणि प्रत्येक रांगेतून एक पाकीट परत आल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. दुपारी चारला चोवीसही टेबलं सारख्याच वेगाने पळायला लागली.

अहवालात तिने दोन्ही चुका लिहिल्या, कार्डवाल्याची आणि स्वतःची. स्टॉपवॉचने तो दोनदा वाचला. "स्वतःहून कोण लिहितं असं?" तो म्हणाला. "कोणाला वाचवताय?"

"तुमच्या यादीतली चौथी माझी नणंद आहे. पण आकडे माझे नातेवाईक नाहीत. मोजून बघा."

त्याने खरोखरच आठवडाभर मोजलं. मग नोटिसा मागे घेतल्या, माफी मात्र मागितली नाही. यादीतल्या एका बाईने त्याआधीच नोकरी सोडली होती. ती परत आली नाही.

नणंद घरी आली ती नोटीस मागे घेतल्याचा कागद हातात घेऊनच. बसली, पाणी प्यायली.

"खरं सांग. आधी तुला काय वाटलं होतं?"

"वाटलं होतं, तुम्हीच करताय."

नणंदेने पेला खाली ठेवला. "आणि आमच्या बंधुराजांना?"

"ते म्हणाले, शक्य आहे."

नणंद हसली नाही, रागावलीही नाही. "निदान तू येऊन बघितलंस," ती म्हणाली, आणि सासूबाईंना भेटायला आत निघून गेली.