माझ्या लांबीत मामा धरले नव्हते

मित्रांनो, मी रुग्णालयातली एक जुनी ट्रॉली आहे. रुग्णांना निजवून नेतात ती ऐटबाज ट्रॉली नव्हे. मी धुतलेल्या चादरी वाहते. लोखंडी सांगाडा, तीन बाजूंना जाळी, चार चाके आणि मागे ढकलायला एक दांडी. नवी होते तेव्हा मोठ्या साहेबांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. त्यानंतर अकरा वर्षे त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मोठ्या माणसांचे प्रेम फोटोपुरतेच असते, हे मी तेव्हाच शिकले.

माझी खरी माणसे दोन. तळघरातल्या धुलाईखान्याच्या प्रमुख ताई आणि मला ढकलणारे मामा. रोज सकाळी मामा मला लिफ्टने वर नेत आणि आम्ही आठही वॉर्डांत चादरी पोचवत असू.

"मामा, तुमच्या आधी तुमचा आवाज येतो हो!" परिचारिका हसत.

"माझा नाही, हिच्या चाकाचा. मला बोलायला सवड कुठे आहे?" मामा म्हणत.

मग एके दिवशी वरच्या मजल्यावर बदलाचे वारे शिरले. लिफ्ट काढायची आणि त्या जागी रुग्णांना तपासणीचे अहवाल देणारी काचेची खिडकी करायची, असे ठरले. चादरी मागच्या उताराने वर न्यायच्या. कोणी ठरवले? ज्यांनी आयुष्यात उशीच्या अभ्र्यापलीकडे काही उचलले नव्हते, त्यांनी.

एक पट्टीवाले गृहस्थ आले. त्यांनी मला मोजले, उताराच्या मधले वळण मोजले आणि खुशीत म्हणाले, "चार बोटे जागा उरते. ट्रॉली जाते." मोजमाप अगदी बरोबर होते. फक्त माझ्या लांबीत मामा धरलेच नव्हते. मी एकटीच डुलत डुलत वर जाणार, असा त्या विद्वानांचा समज असावा!

पहिल्याच चाचणीत मी वळणावर अडकले. भरलेल्या चादरींचे ओझे मागे आले. मामा दांडी आणि भिंत यांच्यामध्ये सापडले. मनगट सुजले, छातीला मुका मार लागला. सोमवारी लिफ्ट बंद होणार होती. त्यानंतर रोज आठ फेऱ्या, आणि मामांना निवृत्तीला अजून दोन वर्षे होती.

ताई तडक वर मोठ्या साहेबांकडे गेल्या. "साहेब, उतार नको," एवढेच म्हणाल्या.

"तुम्हा लोकांना बदल म्हटला की पोटात दुखतं," साहेब म्हणाले. पण तक्रारीची दखल मात्र घेतली गेली. दुसऱ्या दिवशी मला रंग दिला. फिकट निळा. मामांचे मनगट सुजलेले, आणि रंग मला! बैठकीत बसून बसून डोक्यात हवा जाते म्हणतात, ती अशी.

ताई रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. त्या अहवालाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. माणसे उन्हात तिष्ठत होती. खिडकी खरोखरच हवी होती. साहेबांचे तेवढे म्हणणे खरे होते, हे मलाही कबूल करावे लागले, आणि ते करताना मला मुळीच आनंद झाला नाही. मग ताईंनी लिफ्टशेजारची खोली उघडून घेतली. आत मोडक्या खुर्च्या भरल्या होत्या.

शनिवारी त्या पुन्हा वर गेल्या. "साहेब, खिडकी व्हायलाच हवी. फक्त लिफ्ट बंद करायच्या कागदावर सही करण्याआधी ट्रॉली घेऊन उताराने एक फेरी तुम्ही मारा."

"मी?"

"एकच. दहा मिनिटांचं काम."

साहेब आले. कोट काढायला ते तयार नव्हते. मला उतारावर लोटताना सुरुवातीला हसत होते. वळणावर हसू थांबले. मी मागे सरकले, वरचा चादरींचा गठ्ठा त्यांच्या डोक्यावर कलंडला आणि कोटाचे बटण तुटून उड्या मारत खाली गेले.

"अरे, मागून कोणी धरा!" साहेब ओरडले.

"मागे तुम्हीच आहात, साहेब," मामा शांतपणे म्हणाले, आणि सुजल्या हाताने त्यांनी मला पुढून ओढून धरले.

भिंतीला टेकून साहेब धापा टाकत होते. "हे मला आधी कोणी सांगितलं का नाही?"

मी चाकापासून दांडीपर्यंत तापले. ताई मात्र म्हणाल्या, "आता पाहिलंत ना, साहेब. चला, एक खोली दाखवते."

सोमवारी लिफ्ट चालूच राहिली. खिडकी खुर्च्यांच्या खोलीत झाली. सूचनाफलकावर लागले : 'साहेबांनी स्वतः पाहणी करून घेतलेला दूरदर्शी निर्णय.' मी संतापले, पण ताई ते वाचून नुसत्या हसल्या. "मामांची छाती वाचली ना? नाव लावू दे त्यांना."

पुढच्या महिन्यात तेच पट्टीवाले पुन्हा आले. एका वॉर्डाचे दार बदलायचे होते. त्यांनी पट्टी काढली, थबकले आणि म्हणाले, "मामा, जरा दांडी धरून उभे राहा. आता मोजतो."

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात पट्टी येईल, सहीचे पेन येईल. तेव्हा मोजायच्या वस्तूमागे माणूस उभा करायला विसरू नका. आणि कोणी दुखते म्हणून सांगत आले, तर कृपा करून रंगाचा डबा आणू नका. माझे डावे चाक अजून कुरकुरतेच आहे. त्याला थेंबभर तेल हवे होते, एवढेच.