बिशप एयविंदांची काठवट

मी एक जुनी काठवट आहे. मित्रांनो, आमच्या आइसलंडात मोठी झाडं वाढत नाहीत, म्हणून मी आले ती समुद्रातून. वाहत आलेला एक ओंडका लाटांनी किनाऱ्याला लावला आणि केतिल नावाच्या म्हाताऱ्या सुताराने अख्खा हिवाळा खपून मला त्यातून कोरून काढलं. पुढे मी बिशप एयविंद यांच्या स्वयंपाकघरात आले. बिशपांचा शब्द साऱ्या मुलखात चाले, पण त्या स्वयंपाकघरात चाले तो स्वयंपाकीण ग्रोआचा.

ग्रोआ माझ्यात दही लावायची, लोणी धुवायची. पण वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, बिशप स्वतः मला उचलून न्यायचे आणि भिकाऱ्यांचे पाय माझ्यात धुवायचे. चिखलाने भरलेले, भेगाळलेले, थंडीने काळे पडलेले पाय. ग्रोआचा पारा चढायचा.

“अहो बाबा, दुसरं भांडं नाही मिळालं? उद्या यातच दही लावू का मी?”

“घासून घे गं. पाय माणसांचेच आहेत.”

“तुमचं काय जातंय बोलायला! घासायचं मी!”

बिशप गालातल्या गालात हसत निघून जायचे. मग ती मला अशी काही घासायची की माझी सालटी निघतील असं वाटायचं.

बिशप वारले. काही वर्षांनी लोक सांगू लागले की वादळात त्यांचं नाव घेतलं आणि होडी किनाऱ्याला लागली, हरवलेली मेंढरं घरी आली. बिशप संत होते, असं ठरलं. त्यांच्या अस्थी थडग्यातून काढायच्या, धुवायच्या आणि चांदीच्या पेटीत ठेवायच्या. ग्रोआने भर अंगणात कपाळावर हात मारला.

“संत? त्यांचे मोजे रफू केलेत मी! घोरायचे किती! म्हणे संत, डोंबलाचे!”

पण त्याच हिवाळ्यात तिच्या एकुलत्या एका लेकीचे, आलोफचे डोळे आले. आधी सुजले, मग चिकटू लागले, आणि शेवटी पोरीला स्वतःचा हातही दिसेना. सगळी औषधं करून झाली. ग्रोआ जेवायचीसुद्धा विसरू लागली.

अस्थी धुतल्या त्या माझ्यातच. ज्यांनी इतक्यांचे पाय धुतले, त्यांच्याच पायांची हाडं त्या दिवशी माझ्या पाण्यात होती. मला रडता येत असतं तर मी रडले असते.

संताच्या अस्थी धुतलेल्या पाण्याने दुखणी बरी होतात म्हणे; त्या पाण्यासाठी देवळात झुंबड उडाली. कोणी शिंगात घेतलं, कोणी वाटीत, कोणी ओंजळीत. ग्रोआ लेकीचा हात धरून दाराशीच उभी राहिली. ज्यांच्या तोंडावर आजवर हसली, त्यांच्यासमोर वाटी कशी पुढे करणार? गर्दी ओसरल्यावर ती आली, तोवर पाद्रीबाबांनी मला पालथं घातलं होतं.

“मावशी, थेंब नाही उरला. आधी का नाही आलात?”

ग्रोआ खाली बसली, मला मांडीवर घेतलं, डोक्याचा रुमाल सोडला आणि माझा कोपरा न् कोपरा पुसून काढला. रुमाल जेमतेम ओलसर झाला. तोच तिने आलोफच्या डोळ्यांवर बांधला.

“बाबा, फार बोलले मी तुम्हाला. माझ्यावरचा राग पोरीवर काढू नका. हिला दिसू द्या. तुमच्यामागे त्या भिकाऱ्यांचे पाय मी धुवीन. यातच धुवीन.”

सकाळी तिने रुमाल सोडला. आलोफ कितीतरी वेळ डोळे मिचकावत राहिली. मग म्हणाली, “आई, किती मळलाय गं तुझा रुमाल!”

ग्रोआ हसली की रडली, ते मला कळलं नाही. लाकूड ते लाकूड. चमत्कार कशाला म्हणायचं, ते मी काय सांगू? पण तिने शब्द पाळला, आणि तिच्यामागे आलोफनेही पाळला.

मग काळ फिरला. नवा पंथ आला, संतांच्या अस्थी पुजायला बंदी झाली. चांदीची पेटी कोणी नेली, अस्थी कुठे पुरल्या, कोणालाच ठाऊक नाही. मी एका शेतावरच्या गोठ्यात पडले. कुत्र्यांना माशांची मुंडकी घालायची ती माझ्यात. पुढे तेही थांबलं. मी सुकत गेले आणि एक दिवस उभी तडकले. बिशपांचं नाव ऐकूनही मला युगं लोटली होती.

एका संध्याकाळी त्या घरी एक वाटसरू आला. नदी ओलांडताना बर्फात पाय गारठून लाकूड झालेले. घरधनीण गोठ्यात धावली, मला उचललं, खसाखसा घासलं आणि कोमट पाणी ओतलं. नवरा ओरडला, “अगं, कुत्र्यांचं भांडं ते!”

“घासलंय मी! दे रे बाबा, पाय दे इकडे.”

तिने ना एयविंदांचं नाव ऐकलं होतं, ना ग्रोआचं.

माझ्या तड्यातून पाणी गळू लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती पुन्हा पुन्हा पाणी ओतत राहिली, आणि हळूहळू माझं लाकूड फुगलं, तडा मिटला. पाणी गळायचं थांबलं.

मित्रांनो, मला चांदीने मढवू नका, पेटीत तर मुळीच ठेवू नका. कोरडी राहिले तर मी तडकेन. कोणी दमूनभागून दाराशी आलं, तर मला आठवणीने बाहेर काढा आणि माझ्यात पाणी ओता.