जपून ठेवलेली

नियाजने पंखा बंद केला आणि वायर जोडलेली ती पत्र्याची चपटी डबी लताबाईंच्या कानाशी धरली.

"ऐका मावशी. टक... टक... टक."

दुकानाबाहेर द्वारकेच्या चौकात हॉर्नचा गदारोळ होता. तरी तो आवाज त्यांना आला. बंद दारापलीकडून कुणी नखाने दार वाजवावं, तसा.

"म्हणजे जीव आहे अजून?" त्यांनी विचारलं.

"उलटं आहे मावशी. तब्येत चांगली असती तर ही बोललीच नसती." नियाजने वायर काढली. "किती वर्षं झाली हिला?"

"नऊ तरी झाली असतील," धम्मपाल म्हणाला. तो कॉलनीतल्या विहार समितीचा सचिव. ही हार्ड डिस्क विहाराच्या कॉम्प्युटरमधून काढून त्यानेच आणली होती, रुमालात गुंडाळून.

"चार-पाच वर्षं झाली की मी गिऱ्हाइकाला सांगतो, आता हिच्यावर भरवसा नको. नऊ म्हणजे लय झाली. बॅकअप कुठाय?"

"आहे ना! प्रफुल्लकाकांनी स्वतः करून ठेवलाय. एक फोल्डर 'वंदना', आणि दुसरं 'जपून ठेवलेली'."

"ते दुसरं कुठं?"

"त्याच्यातच."

नियाज हसला. लताबाईंकडे लक्ष जाताच त्याने हसू आवरलं. "म्हणजे कपाटाची दुसरी चावी कपाटातच."

धम्मपाल खाली बघू लागला. "सुरू होत नव्हती म्हणून मी चालू-बंद पण करून बघितली. पुष्कळदा. थोडी थापटली पण."

"मग राहिलं काय, भाऊ?" नियाज म्हणाला. "आठवडाभर ठेवा. निघालं तर निघालं. खात्री देत नाही."

प्रफुल्ल म्हणजे लताबाईंचे यजमान. पाटबंधारे खात्यात कारकून होते. आवाज भरदार, आणि नामपूरकडच्या बोलीत वाढलेले असूनही पाली उच्चार स्वच्छ. समितीच्या सांगण्यावरून त्यांनी घरीच, बाहेरच्या खोलीत बसून, सगळी वंदना म्हणून ठेवली होती. वंदनेत पुढचा माणूस एक ओळ म्हणतो आणि मागचे सगळे ती पुन्हा म्हणतात. तेवढी जागा त्यांनी प्रत्येक ओळीनंतर मोकळी सोडली होती. मध्येच कुकरची शिट्टी झाली तेव्हा त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मग हेडफोन लावून, डोळे मिटून, दोनदा ऐकलं आणि मगच समितीला दिलं.

ते गेले त्याला चार वर्षं झाली. दुसरी लावायची का, असं समितीने विचारलं तेव्हा लताबाई 'राहू द्या' एवढंच म्हणाल्या होत्या. तेव्हापासून रोज सकाळी विहारातल्या स्पीकरमधून प्रफुल्ल ओळ सांगत आणि कॉलनीतली माणसं त्यांच्या मागून म्हणत. मेलेल्या माणसाने थांबून वाट पाहावी आणि जिवंतांनी त्याला उत्तर द्यावं, यात कुणाला काही वेगळं वाटेनासं झालं होतं. लताबाईंना वाटायचं. दिवसातून तेवढा वेळ त्यांचा नवरा त्यांच्यासाठी थांबत होता. फोटो पुष्कळ होते घरात, पण फोटो काही ओळ सांगत नाही. दुसरीकडे कुठे तो आवाज उरला नव्हता. जुना मोबाइल बंद पडला तेव्हा तो भंगारवाल्याला त्यांनी स्वतःच्या हाताने दिला होता.

दुसऱ्या दिवशी विहारात शेजारच्या आशाबाईंनी मोबाइलवरची वंदना लावली.

"शंभर प्रकारच्या आहेत बघा यात. ही तर म्युझिकसकट आहे."

आवाज गोड होता. पण तो गायक कुणासाठी थांबत नव्हता. लताबाई मागचीच ओळ म्हणत असताना तो पुढची सुरू करायचा. तिसऱ्या दिवशी त्या विहारात गेल्याच नाहीत. घरी चहाचं आधण ठेवलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपले ओठ हलताहेत. आपण एक ओळ पूर्ण केली होती. ती आधी कुणी सांगितली, ते काही त्यांना आठवेना. त्यांनी गॅस बंद केला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पाहिलं. प्रफुल्लची खुर्ची जागेवर होती, रिकामी.

नियाजचा फोन आला तेव्हा धम्मपाल ड्युटीवर होता. लताबाई एकट्याच रिक्षाने द्वारकेला गेल्या.

"एकच फाइल वाचली, मावशी. 'जपून ठेवलेली'मधली. शेवटचं थोडं गेलंय. बसा, ऐका."

त्याने त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवले. चौकातला गदारोळ गेला, पंखा गेला, आणि कानाच्या इतक्या जवळून प्रफुल्ल बोलले की लताबाईंनी काउंटरची कड धरली. प्रफुल्लनी श्वास घेतला, तोही ऐकू आला. एक ओळ झाली. मग ते थांबले.

लताबाईंचे ओठ उघडले. समोर परकी माणसं होती, कुणी चार्जर मागत होतं. त्यांनी ओठ मिटले.

तेव्हा त्या मोकळ्या जागेत दुसरं कुणीतरी म्हणालं.

फार लांबून, दाराआडून. म्हातारा, घोगरा बाईचा आवाज. लताबाईंना वाटलं, भास झाला. पुढची ओळ झाली. प्रफुल्ल थांबले, आणि तो आवाज पुन्हा आला. पंचशीलातल्या 'वेरमणी'ला त्याने 'येरमनी' म्हटलं.

'वेळ'ला 'येळ' म्हणणारं घरात एकच माणूस होतं. या सिंधुबाई होत्या. लताबाईंच्या सासूबाई.

विहारात सिंधुबाई आयुष्यभर शेवटच्या रांगेत तोंड मिटून बसल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मना तोंडले ते वळत नही." म्हातारीच्या पेटीत अजून जुने देव आहेत, असं कॉलनी म्हणे. लताबाईंनीही तेच धरलं होतं. त्यावरून सासू-सुनेत महिनोन्‌महिने अबोला असे. प्रफुल्लच्या आधी दोन वर्षं त्या गेल्या. अखेरच्या दिवसांत भंतेजी वंदना म्हणायला घरी आले, तेव्हाही त्यांनी ओठ उघडले नाहीत. पेटीत निघालं ते फक्त एक लुगडं.

आणि इथे त्या एकेक ओळ म्हणत होत्या. अडखळत, पण एकही न सोडता.

"मागून कुणी आजी बोलतेय ना?" नियाजने हेडफोन एका कानावरून सरकवत विचारलं. "धम्मपालभाऊ फोनवर म्हणाले, काही खरखर असेल तर साफ करून द्या. काढून टाकतो. दोन मिनिटांचं काम आहे. साहेबांचा आवाज तेवढा राहील, एकदम क्लीन."

लताबाईंनी सरकलेला हेडफोन पुन्हा कानावर घेतला. कुकरची एक शिट्टी ज्यांना चालली नव्हती, ते प्रफुल्ल हे डोळे मिटून दोनदा ऐकत बसले होते. काय ऐकत होते, ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"नको," त्या म्हणाल्या. "हात लावू नको."

"बरं. पण आता कॉपी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा हां."

"एक विहारात. एक माझ्या घरी. आणि एक तुझ्याकडे राहू दे, नियाज."

"माझ्याकडे? माझं काय काम त्यात?"

"काही काम नाही. तू इकडे, आम्ही तिकडे कॉलनीत. म्हणून."

त्याने थोडा विचार केला आणि मान हलवली. "नाव काय देऊ फाइलला?"

"आहे तेच राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहार भरला होता. प्रफुल्लकाका परत आले म्हणून एरवी न येणारी माणसंही आली होती. धम्मपालने स्पीकर लावला. पहिली ओळ झाली, प्रफुल्ल थांबले, आणि सगळ्या विहाराने एका सुरात ती उचलली. भिंतींवर आवाज आदळला. त्याच्याखाली काही उरलं असेल तर ते कुणाला कळणं शक्य नव्हतं.

आशाबाईंनी हळूच कोपर लावलं. "अहो, म्हणा ना. आवाज बसला का तुमचा?"

लताबाईंनी मान हलवली. मग आपली सतरंजी उचलून त्या माणसांच्या मधून वाट काढत पुढे गेल्या आणि स्पीकरच्या अगदी खाली, ओठ मिटून बसल्या.