दुकानात न बिघडणारा लॅपटॉप

शनिवारी बारा वाजता करिश्माची परीक्षा होती, आणि शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप तीनदा बंद पडला. दर वेळी तसाच. आवाज नाही, सूचना नाही, काही नाही. टाइप करता करता स्क्रीन काळी. बटण दाबलं की हा शहाणा जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

निर्जीव वस्तूवर इतका राग धरू नये हे करिश्मालाही कळत होतं. पण तिच्या जागी कुणीही असतं तरी त्याने दात-ओठ खाल्लेच असते. मेडिकल कोडिंगची ही परीक्षा ती दुसऱ्यांदा देत होती. रुग्णाच्या कागदांवरचे आजार आणि उपचार ठरलेल्या कोडमध्ये बसवायचे, असं ते काम. लग्नाआधी ती त्यात चांगली तयार झालेली. परीक्षा घरबसल्याच द्यायची, पण कॅमेऱ्यासमोर; कॅमेरा गेला की पेपर रद्द, मग कारण काहीही असो, कुणी ऐकून घेत नाही. मागच्या महिन्यात चाळिसाव्या मिनिटाला नेमकं तेच झालं होतं. नोकरी देणाऱ्या कंपनीने तिची जागा राखून ठेवली होती ती फक्त या शनिवारपर्यंत. पास झाली तर सोमवारपासून कामाला लागायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला.

लॅपटॉपचे लाड काही कमी झाले नव्हते. कोपरीत स्टेशनजवळ लॉईडचं दुरुस्तीचं दुकान होतं. लॉईड हा तिच्या नवऱ्याचा, हितेशचा, शाळेपासूनचा दोस्त. हितेश तीन वेळा लॅपटॉप त्याच्याकडे टाकून आला. पहिल्यांदा बॅटरी बदलली, दुसऱ्यांदा रॅम, तिसऱ्यांदा सगळं पुसून नव्याने भरलं. दुकानात तो चार-चार दिवस अखंड चालायचा. घरी आला आणि करिश्मा समोर बसली की अर्ध्या तासात डोळे मिटायचा. हितेशने त्यावर तासभर क्रिकेट पाहिलं तेव्हाही काही झालं नाही.

“तूच कायतरी दाबत असशील,” हितेश म्हणाला होता. तो सहज बोलला आणि कामावर गेला. ते वाक्य करिश्माच्या मनात दोन दिवस सलत राहिलं.

सासूबाईंचं निदान वेगळं होतं. शकूबाईंना कोपरीत सगळे शकूकाकी म्हणत. घर चार मजली, खालचे दोन मजले भाड्याने दिलेले, आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांचं राज्य. त्यांनी लॅपटॉपवरून मीठ-मिरच्या उतरवून गॅसवर टाकल्या. घरभर ठसका लागला, सासरे काळुराम खोकत गच्चीवर निघून गेले, आणि लॅपटॉप त्याच संध्याकाळी दोनदा बंद पडला. “कुनाची तरी नजर हाय,” एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला.

शकूबाईंशी करिश्माचं भांडण नव्हतं, पण सूतही जुळलं नव्हतं. लग्नाला आठ महिने झाले तरी त्या सुनेला भांडी घासू देत नव्हत्या. मोलकरीण आली नाही तर स्वतः घासत. माझं घासलेलं यांना चालत नाही, असं करिश्माने मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि डाव्या हातातलं माहेरचं रुंद ब्रेसलेट काढायची मनाई होती. एकदा रात्री झोपताना काढून ठेवायला गेली तर शकूबाईंनी मनगट धरलं. “हातातनं उतरवायचं नाय. घरात बायका येतात-जातात.” तेव्हापासून ते हातातच होतं. सोन्याची हाव, दुसरं काय, असंही करिश्माच्या मनात येऊन गेलं होतं.

शनिवारी साडेनऊला लॉईड स्वतः घरी आला. “आज मी हलत नाही वहिनी,” तो म्हणाला. “दुकानात येऊन हा माझ्यासमोर शाण्यासारखा वागतो. आता त्याच्या घरातच बघतो त्याला.”

तो बसला. टाइप केलं, व्हिडिओ लावले, कॅमेरा सुरू ठेवला, लॅपटॉप उचलून खोलीभर फिरवला, चार्जरची वायर हलवून पाहिली. दहा वाजले. साडेदहा वाजले. काहीच नाही. करिश्मा दाराला टेकून उभी होती. एवढ्या वेळात हा बंद पडावा अशी ती देवाकडे प्रार्थना करत होती, आणि असली प्रार्थना आपण करतोय याची तिला लाजही वाटत होती.

“तुम्ही बसा,” लॉईड शेवटी म्हणाला. “रोज बसता तश्शाच.”

ती बसली. सरावाचा पेपर उघडला. चौथ्या प्रश्नावर स्क्रीन काळी झाली.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. लॉईड मात्र खूश झालेला दिसला. त्याने लॅपटॉप सुरू करून आतली बंद-चालूची नोंद उघडली आणि शेवटपर्यंत वाचली.

“हा बंद पडतच नाही,” तो म्हणाला. “मी आधी इथं बघायला हवं होतं, येडा मी. हा झोपतो. याला वाटतं कोणीतरी झाकण लावलं.”

“झाकण तर उघडं आहे.”

“झाकणात बारीकसं मॅग्नेट असतं. ते खाली टेकलं की लॅपटॉपला कळतं, चला, झोपायचं. दुसरं मॅग्नेट तिथं आलं तरी त्याला तेच वाटणार.” बोलता बोलता त्याची नजर तिच्या डाव्या हाताकडे गेली. “वहिनी, हात जरा उचला. आता ठेवा.”

स्क्रीन काळी.

त्याने पुन्हा सुरू केला. हात उजवीकडे ठेवायला सांगितला तर चालू राहिला. डावीकडे, कळफलकाच्या खालच्या पट्टीवर मनगट टेकलं की काळा. दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं. मग लॉईडने खिशातून एक बारीक स्क्रू काढून ब्रेसलेट जिथं अडकवतात त्या फाशाजवळ नेला. स्क्रू टकन चिकटला आणि तिथंच राहिला.

करिश्माने तो ओढून काढला, सोडला, तो पुन्हा चिकटला. मागे एकदा साडीची पिन त्या फाशाला लोंबकळत आली होती. अडकली असेल, असं करिश्माला तेव्हा वाटलं होतं. असा मॅग्नेटचा फासा असतो तो खोट्या दागिन्यांना; आता ते सगळं तिच्या डोक्यात एका दमात जुळलं.

“हल्ली खऱ्या सोन्यातपण मॅग्नेटचा फासा बसवतात,” लॉईड घाईघाईने म्हणाला. तो चांगला माणूस होता, पण खोटं बोलण्यात कच्चा होता.

परीक्षा, कंपनी, सोमवार, सगळं क्षणभर मागे पडलं. हे ब्रेसलेट तिच्या आईने, मोहने गावच्या मंजुळाबाईंनी, भर मांडवात ताटात ठेवून दिलं होतं. आगऱ्यांच्या लग्नात मुलीचं सोनं असं ताटातून बायकांमध्ये फिरतं. प्रत्येक बाई हातात घेते, तोलून बघते, पुढे देते. ते खोटं निघालं हे या घरात कळलं तर आई पुन्हा कोपरीची पायरी चढू शकणार नव्हती. करिश्माने मान वर केली. दारात चहाचा ट्रे घेऊन शकूबाई उभ्या होत्या, आणि त्यांची नजर त्या स्क्रूवर होती.

“लॉईड, तू बाहेर बस,” त्या म्हणाल्या. “चहा घे.”

लॉईड गेला. शकूबाईंनी दार लावलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“आई, मला खरंच माहीत नव्हतं,” करिश्मा म्हणाली.

शकूबाई तिच्याजवळ बसल्या, तिचा हात मांडीवर घेतला आणि तो फासा न बघता एका बोटाने उघडला. करिश्माला स्वतःला तो कसा उघडतो ते धड ठाऊक नव्हतं.

“मना म्हाईत व्हतं,” त्या म्हणाल्या. “मांडवात ताट पयलं माझ्या हातात आलं. उचललं तवाच कललं, सोन्याचं वजन नाय. दुसरीच्या हातात जायच्या आत तुझ्या हातात चढवलं.”

करिश्माला तो क्षण आठवला. सासूने ताटावर कशी झडप घातली, हे तिच्या माहेरच्या बायका आजही हसून सांगत.

“तुझा बाप दोन वरसं खाटेवर व्हता. तुझ्या आईचं सोनं कुठं गेलं त्ये काय इचारायला लागतं?” शकूबाईंनी ब्रेसलेट पदराने पुसलं. आतल्या बाजूला, मनगटाच्या घामाने, पिवळ्याचा करडा झाला होता. “भांडी घासशील तर म्हयन्यात सगला पालिश जाईल. म्हनून घासू दिली नाय. काढून ठेवशील तर कोन ना कोन उचलून बगेल. म्हनून काढू दिलं नाय. तुझी मशीन त्याच्यापायी बंद पडते, ह्ये मना कुठं ठावं?”

आठ महिने आपण या बाईविषयी काय काय धरून बसलो होतो, याची करिश्माला मनापासून शरम वाटली.

“पण आज आत्या येणार आहेत जेवायला,” ती म्हणाली. शेवंतीआत्या म्हणजे काळुरामांची थोरली बहीण. रिकामा हात तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. “त्या विचारतील. दाखव म्हणतील.”

“त्ये मी बगते. तू पेपर लिव.” शकूबाई उठल्या आणि ब्रेसलेट त्यांनी कमरेच्या पिशवीत टाकलं. दाराशी थांबून म्हणाल्या, “आन मोहन्याला फोन करून काय बोलायचं नाय. आपल्याला कललं ह्ये तुझ्या आईला कलता कामा नये.”

बाराला दहा कमी असताना करिश्माने कॅमेऱ्यासमोर खोली फिरवून दाखवली, दोन्ही हात दाखवले. डाव्या मनगटावर दोन काचेच्या बांगड्या आणि ब्रेसलेटचा पांढरट पट्टा. पेपर सुरू झाला. पहिला अर्धा तास ती डावं मनगट अधांतरी धरूनच टाइप करत होती, सवयीच्या भीतीने. खांदा भरून आला तेव्हा तिने हात हळूच खाली टेकवला. स्क्रीनवर अक्षरं तशीच होती. चाळिसावं मिनिट आलं आणि गेलं. बाहेर शेवंतीआत्याचा आवाज आला, कुणीतरी तिला गप्प केलं. शेवटचे अकरा प्रश्न उरले असताना बारा मिनिटं होती. तिने ते सोडवले आणि बटण दाबलं.

निकाल स्क्रीनवरच आला. पास. तिने तो तीनदा वाचला आणि मग दार उघडलं.

बाहेर पानं वाढलेली होती. शेवंतीआत्याने आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. “पोरीचा हात भुंडा का गो, शकू? माहेरचं ब्रेसलेट कुठं हाय?”

“माझ्या पेटीत,” शकूबाई भात वाढत म्हणाल्या. “मी काढून घेतलं. मोडून माझ्या पाटल्या करायच्यात.”

आत्याचा घास हातातच राहिला. “सुनेचं सोनं मोडतेस?”

“माझ्या घरातलं हाय. मोडीन नायतर ठेवीन.”

आत्याने नाक मुरडून घास तोंडात घातला. पण संध्याकाळपर्यंत ही गोष्ट अर्ध्या कोपरीत जाणार आणि शकूकाकींनी सुनेला लुबाडलं असं बायका वर्षभर बोलणार, हे त्या पानावर बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. करिश्मा काहीतरी बोलायला निघाली, तर शकूबाईंनी तिच्या पानात आमटी ओतली. “जेव. सकालपासून पोटात काय नाय तुझ्या. निकालाचं काय झालं?”

“पास झाले.”

“बरं झालं,” शकूबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळा टिपून आतून तूप आणायला गेल्या.

साडेतीनला मोहन्याहून फोन आला. पास झाल्याचं ऐकून मंजुळाबाई रडल्या, मग हसल्या, मग पुन्हा रडल्या. शेवटी म्हणाल्या, “पण बाई, एवढे महिने छळलं त्या लॅपटॉपने. काय बिघडलेलं त्याचं? सापडलं का?”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. शकूबाई तिथूनच तिच्याकडे बघत होत्या.

“धूळ होती गं आत,” करिश्मा म्हणाली. “साफ केली.”