ड्रमखालचा गालिचा

मी एक जुना गालिचा आहे. माझा मूळ रंग विचारू नका, आता मलाही आठवत नाही. मित्रांनो, मागावरून उतरलो तेव्हा मी कुणाच्यातरी दिवाणखान्यात मिरवणार होतो. पण माझ्या धन्याने मला ड्रमखाली अंथरले. तो लोकांना नाचायला लावणाऱ्या एका स्विंग जॅझ वाद्यवृंदात ड्रम वाजवतो. मी नसलो, तर त्याचे ड्रम गुळगुळीत मंचावरून घसरत थेट नाचणाऱ्यांत जातील! तरी टाळ्या मला कधीच मिळाल्या नाहीत.

वर्षानुवर्षे ड्रमचे पाय त्याच त्या जागी रुतून मला भोके पडली. सगळ्या वादकांचे केस पिकले. ट्रम्पेटवाल्या काकांनी नवे दात बसवले. माझ्या धन्याची नजर अधू झाली. पण बूट काढून तो पायाच्या अंगठ्याने माझी भोके चाचपायचा आणि एकेक ड्रम, एकेक झांज जागच्या जागी मांडायचा. हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. म्हातारा भारी मानी!

त्याच्या लेकीला मात्र माझी लाज वाटे. मोठा कार्यक्रम जवळ आला तेव्हा तिने हौसेने कोरा गालिचा आणला आणि मला गुंडाळून दाराआड उभे केले. मला फार वाईट वाटले.

दुपारी तालीम सुरू झाली. धन्याची स्टिक झांजेऐवजी हवेतच फिरली. पुन्हा तेच. सगळे थांबले.

"काय रे, माशा मारतोयस का?" ट्रम्पेटवाले काका हसले.

तो हसला नाही. स्टिक खाली ठेवून म्हणाला, "माझं झालं आता. दुसरा कोणीतरी बघा."

त्याचा पाय मात्र त्या कोऱ्या गालिच्यावर अजून फिरतच होता.

"बाबा, काय शोधताय?" लेकीने विचारले.

"भोकं गं."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. तिने मला ओढत आणून अंथरले. अंगठ्याला पहिले भोक सापडले, मग दुसरे. ड्रम आपापल्या जागी गेले. "चला, पहिल्यापासून!" धनी गरजला. पहिल्याच ठोक्याला माझी धूळ उडाली आणि ट्रम्पेटवाले काका शिंकत सुटले.

दुसऱ्या दिवशी लेक सुईदोरा घेऊन बसली. आता माझी भोके बुजणार, असे मला वाटले. पण तिने भोके बुजवली नाहीत. प्रत्येकाभोवती जाड दोऱ्याचा काठ घातला, बाबांच्या पायाला चटकन लागावा म्हणून.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर सांभाळा. फक्त त्यांची भोके बुजवण्याआधी, तिथे कोणाचा पाय वाट शोधतो, तेवढे विचारा. टाळ्या मला अजूनही मिळत नाहीत. पण प्रत्येक कार्यक्रमाआधी एक अंगठा मला शोधत येतो.