आधी ही, मग सीडी

मी फ्लॉपी बोलतेय. काळी, चौकोनी, तळहातात मावणारी. माझ्या पोटात ना गाणं ना फोटो. मला एकच काम येतं. शहराच्या गारखेडा भागातल्या एका पत्र्याच्या दुकानात जुना कॉम्प्युटर आहे, तो आपणहून सीडीकडे बघत नाही. आधी मला आत घालावं लागतं. मी त्याला जागं करते. पडद्यावर यादी येते, तिसऱ्या ओळीवर जाऊन बटण दाबलं की सीडी फिरायला लागते. तिथून पुढं कॉम्प्युटर चालवणं सगळं तिचं. मी गप्प.

मला रामेश्वरनं बनवलं. वैजापूरकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला हा पोरगा शहरात लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा. माझ्या पट्टीवर त्यानंच निळ्या पेनानं लिहिलं, 'आधी ही, मग सीडी'. दुष्काळामुळं गावाकडचे बहुतेक अर्ज पाण्याच्या टँकरचे. शहरात मात्र नव्या इमारतींच्या बांधकामावरही टँकर पळत होते. श्रावणात अशाच एका टँकरखाली रामेश्वरची सायकल गेली, आणि रामेश्वरही.

त्याचा धाकटा भाऊ हनुमान पाचवीतून शाळा सोडलेला, डोक्यानं तापट. दादाशेजारी बसून नुसता बघायचा. दादा गेल्यावर दुकानाची किल्ली त्यानं कुणाच्या हाती दिली नाही.

खंडेनवमीला त्याची आई भागूबाई दुकानात आली. त्या वर्षी घरात सण नव्हता, पण हत्याराला कुंकू न लावणं तिला जमेना. "त्याच्या हातचं हाय," म्हणत तिनं माझ्या पत्र्याच्या झडपेवर चिमूटभर कुंकू दाबलं. ते आत गेलं.

चार दिवसांनी कडुबामामा टेम्पो घेऊन आले. चालवणारा गेला, आता यंत्र भंगारात द्यावं, असं त्यांचं म्हणणं.

"टीव्हीचं बटण सापडत नाय तुला, अन् काम्पुटर चालवणार व्हय?"

"चालू झाला तर टेम्पो रिकामा न्यायचा, मामा."

मामा चहा पिईपर्यंत थांबायला तयार झाले.

हनुमाननं मला आत सारलं. मी खरखरले, पडदा काळाच. त्यानं यंत्राला चापट मारली आणि माझ्या खाचेजवळचा दिवा चालू असतानाच मला ओढून काढलं. मामांनी ड्रायव्हरला यंत्र बांधायला टेम्पोचा दोर सोडायची खूण केली. तेवढ्यात हनुमानला आपली बोटं लाल दिसली.

भागूबाईचा चेहरा उतरला. "माझ्यामुळं झालं का रं?"

"नाय आये. जरा लई भक्ती गेली आत."

तिच्या पिशवीत कोकराची मऊ लोकर होती. त्यानं झडप सरकवली, मधली चकती नखानं हळूहळू फिरवली आणि दादा चष्मा पुसायचा तसं मला पुसलं. एवढा हळू हात त्याचा मी कधी पाहिला नव्हता.

पुन्हा आत गेले. अडखळले. मग यादी आली. त्यानं बोटानं ओळी मोजल्या, एक, दोन, तीन. सीडी फिरली.

मामांनी उरलेला चहा संपवला आणि रिकाम्या टेम्पोचा दोर पुन्हा बांधायला सांगितलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते हनुमानच्या गावाकडच्या वस्तीवरची आवडाबाई. अर्ज टँकरचाच. त्या शब्दाशी हनुमानचं बोट थांबलं. भागूबाईनं मान फिरवली. मग त्यानं एकेक अक्षर शोधून अख्खा अर्ज पुरा केला.

आता मी थकलेय. कुंकवाचा कण अजून कुठंतरी टोचतो. हनुमान, मी चालू आहे तोवर माझ्यासारखी दुसरी करून घे. माझी पट्टी काढून तिला चिकटवू नकोस. तिच्यावर तू लिही, तुझ्या अक्षरात.